क्युबात गोरे-काळे एकत्र लढले, मग १९१२ कसं घडलं?

प्रश्न असा आला आहे : "क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धात गोरे आणि काळे एकाच सैन्यात लढले. वंश असं काही नसतंच, असं स्वातंत्र्यलढ्याचा नेता आणि लेखक होसे मार्तीने लिहिलं. मग स्वतंत्र क्युबाच्याच सैन्याने १९१२ मध्ये काळ्या नागरिकांची कत्तल कशी केली? समतेची ती भाषा खोटी होती का? आणि सेस्पेदेसने आपले गुलाम सोडले ते माणुसकीपोटी, की त्याला सैनिक हवे होते म्हणून?"

लॅटिन अमेरिकेचा वसाहतकालीन इतिहास मी २२ वर्षं शिकवते आहे. हा प्रश्न जवळपास दर वर्षी वर्गात येतो, आणि याच रागाने येतो. राग रास्त आहे. पण 'खरं बोलत होते की खोटं' एवढ्यावर थांबलं की पुढचं काही दिसेनासं होतं. मला यामागचा प्रश्न असा दिसतो : जे वाक्य १८९५ मध्ये काळ्या सैनिकाला बळ देत होतं, तेच १९१२ मध्ये त्याच्यावरचं आरोपपत्र कसं झालं? ते वाक्य कोणत्या वेळी कोणाच्या हातात होतं आणि तेव्हा कोणाला कोणाची गरज होती, हे पाहिलं तर उत्तर सापडतं.

आधी एक गोष्ट कबूल करायला हवी. 'काळ्या क्युबन माणसाला स्वातंत्र्य म्हणजे काय वाटत होतं' याचं एकच उत्तर मिळणार नाही. पूर्वेला सान्तियागोच्या डोंगरात स्वतःची जमीन कसणारा शेतकरी, पश्चिमेला मातान्सासच्या ऊसमळ्यावर राबणारा गुलाम आणि हवानातला लिहितावाचता येणारा सुतार किंवा सिगार वळणारा कारागीर, या तिघांचं जगणं इतकं वेगळं होतं की 'स्वातंत्र्य' म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येणं शक्य नव्हतं. मी पुढे जे सांगते ते मुख्यतः पूर्वेकडचं आहे, कारण स्पेनविरुद्धच्या तिन्ही युद्धांचा (१८६८-७८, १८७९-८० आणि १८९५-९८) जोर तिथेच होता.

सुरुवात भीतीपासून करू. शेजारच्या फ्रेंच वसाहतीत १७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभं राहिलं. तिथला साखरेचा धंदा कोसळला, तो क्युबाने उचलला, आणि त्यासाठी आफ्रिकेतून माणसं आणून ओतली. १८४१ च्या जनगणनेत क्युबामध्ये सव्वाचार लाखांहून अधिक गुलाम होते. मुक्त काळे आणि मिश्रवर्णीय धरले तर निम्म्याहून जास्त लोकसंख्या गोरी नव्हती. म्हणूनच दक्षिण अमेरिका स्पेनच्या हातातून सुटली तेव्हा क्युबाचे मळेवाले जागचे हलले नाहीत. स्पेन गेलं तर आपल्याला गुलामांपासून कोण वाचवणार, हा त्यांचा हिशेब होता. स्पेननेही ही भीती जपली, वाढवली. १८१२ मध्ये हवानातला मुक्त काळा सुतार होसे अंतोनियो आपोन्ते याला कटाच्या आरोपावरून फाशी झाली. १८४४ च्या दडपशाहीला तर 'शिडी' हेच नाव पडलं, कारण संशयितांना शिडीला बांधून फटके मारत. कवी प्लासिदो त्याच वर्षी गोळ्या घालून मारला गेला. 'क्युबा एक तर स्पॅनिश राहील, नाही तर आफ्रिकन होईल' हे तेव्हा सर्रास ऐकू येणारं वाक्य होतं. पुढच्या प्रत्येक गोऱ्या बंडखोराला या वाक्याला उत्तर द्यावं लागलं, हे लक्षात ठेवा.

आता सेस्पेदेस. १० ऑक्टोबर १८६८ ला पूर्वेकडच्या मान्सानियोजवळच्या आपल्या 'ला देमाहाग्वा' या साखर कारखान्यावर कार्लोस मानुएल दे सेस्पेदेसने स्पेनविरुद्ध बंड पुकारलं, स्वतःचे गुलाम मुक्त केले आणि सोबत लढायला बोलावलं. शाळकरी पुस्तकात गोष्ट इथे संपते. मी वर्गात काय करते ते सांगते. त्या दिवसापासून पुढच्या सव्वादोन वर्षांतले बंडखोरांचेच काही दस्तऐवज मी तारखा झाकून वाटते आणि म्हणते, कमी उदार ते जास्त उदार असे लावा. मुलं लावतात. मग मी तारखा उघड करते, आणि त्यांनी लावलेला क्रम मोडून पडतो.

कारण घडलं ते असं. ऑक्टोबरच्या जाहीरनाम्यात गुलामगिरी संपवण्याची नुसती इच्छा आहे, तीही हळूहळू आणि मालकांना भरपाई देऊन. नोव्हेंबरमध्ये त्याच सेस्पेदेसने हुकूम काढला की मळ्यांवर जाऊन गुलामांना चिथावणी देणाऱ्याला मृत्युदंड. डिसेंबरच्या हुकमाची सुरुवात भव्य आहे : स्वतंत्र क्युबा आणि गुलाम पाळणारा क्युबा एकत्र नांदू शकत नाहीत. पण खालची कलमं वाचली की कळतं, शत्रुपक्षातल्या मालकांचे गुलाम मुक्त, आणि बंडाच्या बाजूच्या मालकांचे मात्र मालकाच्या संमतीनेच. एप्रिल १८६९ मध्ये ग्वाइमारोला राज्यघटना झाली. तिचं २४ वं कलम सांगतं की प्रजासत्ताकातले सर्व रहिवासी पूर्णपणे स्वतंत्र आहेत. इथे मुलांचे चेहरे उजळतात. पण जुलैमध्ये 'मुक्त झालेल्यांसाठी नियमावली' आली आणि त्याच माणसांना जुन्या मालकाकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे कामाला जुंपलं गेलं. नावाने मुक्त, प्रत्यक्षात वेठ. ती नियमावली रद्द व्हायला डिसेंबर १८७० उजाडला.

या नागमोडी वाटेला कारणं होती. सेस्पेदेसला दोन माणसं एकाच वेळी हवी होती : आघाडीवर लढायला मळ्यावरचा गुलाम, आणि पैसा द्यायला पश्चिमेकडचा मळेवाला. एकाला खूश करावं तर दुसरा बिथरतो. पूर्वेत कारखाने लहान आणि गुलाम कमी, म्हणून तिथल्या मालकाला उदार होणं परवडत होतं. बहुसंख्य गुलाम पश्चिमेला होते आणि ते युद्ध पश्चिमेपर्यंत कधी नीट पोचलंच नाही. तेव्हा 'माणुसकी की सैनिक' या प्रश्नाला माझं उत्तर : दोन्ही, आणि त्यांचं प्रमाण महिन्यागणिक बदलत गेलं. मात्र एक गोष्ट सेस्पेदेसच्या हातात राहिली नाही. छावणीत बंडखोर एकमेकांना 'नागरिक' म्हणत. काल ज्याला मुकादम फक्त पहिल्या नावाने हाक मारत होता, त्याला आज कागदावर 'नागरिक' म्हटलं जात होतं. त्याने तो शब्द मनापासून घेतला. शब्द देणाऱ्याच्या मनात किती होतं, याची त्याला पर्वा करायचं कारण नव्हतं.

मराठी वाचकाला हा काळ जवळून कळावा म्हणून एक संदर्भ देते. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक, दास्यमुक्तीच्या कार्याबद्दल, अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी त्या देशाच्या दक्षिण किनाऱ्यापासून काही तासांच्या सागरी अंतरावर, क्युबात, दोन लाखांहून अधिक माणसं अजून गुलाम होती.

दहा वर्षांच्या लढाईनंतर फेब्रुवारी १८७८ मध्ये सान्होनचा तह झाला. मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका भाग इथे वाटतो, आणि तो भाषणांमध्ये नाही. तहाच्या तिसऱ्या कलमाने, बंडखोरांच्या बाजूने त्या वेळी असलेल्या गुलामांना आणि करारबद्ध चिनी मजुरांना मुक्त केलं. म्हणजे ज्याने बंड केलं तो सुटला आणि जो मुकाट्याने मालकाकडे राबत राहिला तो गुलामच राहिला. मळ्यावर राहिलेल्यांना याचा अर्थ लगेच समजला. १८७९ मध्ये सान्तियागोच्या परिसरात गुलामांनी काम थांबवलं. मागणी एवढीच, की तहात सुटलेल्यांना मिळालं तसं स्वातंत्र्य आम्हालाही द्या. कोणी पळून गेले, बाकीचे नुसते बसून राहिले. शेवटी काही मालकांना मजुरी आणि ठरावीक वर्षांनी सुटका कबूल करावी लागली. १८८० मध्ये स्पेनने गुलामगिरी रद्द केल्याचं जाहीर केलं, पण तिच्या जागी 'पालकत्व' आणलं : मालकाचा पालक झाला आणि काम होतं तेच राहिलं. आठ वर्षं चालायची ही व्यवस्था माणसांनी आतून इतकी पोखरली की ७ ऑक्टोबर १८८६ ला, मुदतीआधीच, ती बंद करावी लागली. हे श्रेय कोणा एका नेत्याला देणं मला कधीच जमलेलं नाही.

सान्होनचा तह ज्याला मान्य नव्हता तो अंतोनियो मासेओ, मिश्रवर्णीय, सान्तियागोच्या परिसरातला, सामान्य शिपायापासून सेनापतीपदापर्यंत चढलेला. १५ मार्च १८७८ ला बाराग्वा इथे स्पॅनिश सेनापती मार्तिनेस काम्पोसला समोर बसवून त्याने सांगितलं की स्वातंत्र्य नाही आणि गुलामांची मुक्तीही नाही, तर हा तह आम्हाला नको. दोन मागण्या त्याने एका दमात मांडल्या, यातच त्याचं वेगळेपण आहे. पण या माणसाला स्वतःच्या बाजूने काय सोसावं लागलं? तो काळ्या अधिकाऱ्यांना झुकतं माप देतो, त्याला काळ्यांचं राज्य आणायचं आहे, अशी कुजबुज बंडखोरांमध्येच सुरू होती. १८७६ मध्ये त्याने बंडखोरांच्या अध्यक्षाला, एस्त्रादा पाल्माला, पत्र लिहिलं. मी काळ्या वंशाचा आहे आणि त्यामुळे स्वतःला कोणाहून कमी समजत नाही, असं त्यात त्याने स्पष्ट म्हटलं आणि बदनामी करणाऱ्यांना शिक्षा करा अशी मागणी केली. पुढच्या, १८७९-८० च्या छोट्या युद्धात स्पेनने याच संशयाचं शस्त्र केलं. पूर्वेकडचा अधिकारी पोलाविएहा याने ते बंड काळ्यांचं वंशयुद्ध आहे असंच भासवलं, आणि गोरे पाठीराखे मागे सरले. बंदुकीने जे साधलं नसतं ते या एका आरोपाने साधलं.

इथपर्यंतचं थोडक्यात : मुक्ती तुकड्यातुकड्याने आली, ती घेणाऱ्यांनी ओढून घेतली, आणि 'वंशयुद्ध' हा आरोप प्रत्येक वेळी स्पेनच्या कामी आला. मार्ती या आरोपाला उत्तर द्यायला उभा राहिला. ही पार्श्वभूमी सोडून त्याची वाक्यं वाचली तर ती नुसती सुभाषितं वाटतात.

१८९१ मध्ये त्याने लिहिलं की वंशद्वेष नाही, कारण वंशच नाहीत. १८९३ च्या 'माझा वंश' या लेखात म्हटलं की क्युबन हा गोऱ्याहून, मिश्रवर्णीयाहून, काळ्याहून मोठा आहे. कवट्या मोजून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या त्या काळात हे लिहायला छाती लागत होती. मार्ती नुसतं लिहीत नव्हता. न्यूयॉर्कमध्ये राफाएल सेर्रा या काळ्या सिगार कामगाराने १८९० मध्ये काढलेल्या 'ला लिगा' संस्थेत तो काळ्या क्युबन कामगारांना शिकवायला जात असे. त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. पण त्या लेखात दोन धागे आहेत आणि ते वेगवेगळे पाहायला हवेत. माणसांना विभागणारं ते सगळं माणुसकीविरुद्धचं पाप, हा एक. दुसरा असा : काळ्या माणसात जन्मजात काही खोट नाही, असं सांगत कोणी त्याची बाजू मांडली आणि त्याला लोक वंशवाद म्हणाले, तर खुशाल म्हणोत, ते सत्यच आहे. पहिला धागा पुढे प्रत्येक राजकारण्याने उद्धृत केला. दुसरा हळूहळू विसरला गेला. अनेक वर्षं मीही फक्त पहिलाच शिकवत होते. एका विद्यार्थिनीने विचारलं, "वंश नाहीतच, तर वंशामुळे नोकरी नाकारली गेल्याची तक्रार करायची कोणाकडे?" त्या दिवसानंतर मी तो लेख पूर्ण वाचून घेते.

याच काळात हुआन ग्वाल्बेर्तो गोमेस काय करत होता ते पाहा. आईवडील गुलाम; मूल पोटात असतानाच त्यांनी त्याचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. पॅरिसमध्ये शिकून आलेल्या या पत्रकाराने काळ्यांच्या संस्थांची एक मध्यवर्ती समिती बांधली आणि स्पॅनिश कायद्याच्याच आधाराने शाळा, उपाहारगृहं, नाटकगृहं खुली करायला लावली. नावाआधी 'दोन' (Don) हे 'श्रीयुत'सारखं आदराचं संबोधन लावायचा हक्कही १८९३ मध्ये मिळवला. परदेशात मार्ती आणि क्युबात गोमेस यांनी मिळून २४ फेब्रुवारी १८९५ चा उठाव आखला. काळ्यांची वेगळी संघटना आणि सगळ्यांचं एकच राष्ट्र, यांत त्या दोघांना तेव्हा विरोध दिसला नाही. १९१२ चा विचार करताना हे आठवा.

मुक्तिसेनेत, म्हणजे या युद्धातल्या बंडखोरांच्या सैन्यात, गोरे नसलेल्यांचं प्रमाण निम्म्याहून बरंच जास्त होतं असं इतिहासकार मानतात, आणि अधिकाऱ्यांतही ते मोठ्या संख्येने होते. मासेओ ऑक्टोबर १८९५ मध्ये बाराग्वाहून निघाला आणि तीन महिन्यांत बेटाच्या पश्चिम टोकाला, मान्तुआला पोचला. काळ्या सेनापतीचं सैन्य साखरेच्या मुलखातून आरपार जातं आहे, हे दृश्य तिथल्या राबणाऱ्यांनी पहिल्यांदा पाहिलं. मार्ती मे १८९५ मध्ये पडला, मासेओ डिसेंबर १८९६ मध्ये. युद्ध जिंकण्याची चिन्हं दिसू लागली तशी सैन्यातली हवा पालटली. पद कोणाला द्यायचं हे ठरवताना शिक्षण आणि 'सभ्यपणा' मोजला जाऊ लागला. तिन्ही युद्धं लढलेला काळा सेनापती किन्तिन बान्देरा याला १८९७ मध्ये सैनिकी न्यायालयासमोर उभं करून पदावरून उतरवलं. त्याच्यावर आज्ञाभंगाचे आरोप होते आणि ते सगळेच हवेतले नव्हते. पण तसंच वागणाऱ्या गोऱ्यांना त्याच मापाने मोजलं गेलं का, हा प्रश्न उरतोच.

मग १८९८ मध्ये अमेरिका स्पेनविरुद्ध युद्धात उतरली. सान्तियागो पडल्यावर त्यासाठी लढलेल्या क्युबन सैन्याला शहरात येऊ दिलं नाही. स्पेन गेल्यावर बेटाचा कारभार अमेरिकेच्या हातात आला. १९०० च्या नगरपालिका निवडणुकीत या अमेरिकी प्रशासनाने मताधिकार दिला तो लिहितावाचता येणाऱ्या, किंवा २५० डॉलरची मालमत्ता असलेल्या, किंवा मुक्तिसेनेत लढलेल्या पुरुषांना. यातली तिसरी अट नसती तर बहुतेक काळे सैनिक बाहेर राहिले असते. १९०१ च्या घटना समितीने सर्व प्रौढ पुरुषांना मत दिलं. ज्यांनी सैन्य भरलं होतं त्यांना वगळण्याची हिंमत आता कोणाची नव्हती.

त्याच सुमाराची एक घटना मला नेहमी अस्वस्थ करते. सप्टेंबर १८९९ मध्ये मासेओचे अवशेष उकरून काढले आणि शास्त्रज्ञांच्या समितीने त्याची कवटी मोजली. १९०० च्या अहवालाचा निष्कर्ष : हाडांची ठेवण काळ्या माणसाची, पण कवटीची क्षमता गोऱ्यांच्या जवळची. त्यांना तो गौरव वाटला. 'वंश नाहीत' म्हणणाऱ्या राष्ट्राने आपल्या काळ्या वीराला मोठेपण देताना त्याचं डोकं गोरं ठरवलं.

आता १९१२ कडे सरळ जाता येतं. १९०२ मध्ये उभ्या राहिलेल्या स्वतंत्र प्रजासत्ताकात नोकऱ्या, पोलीस, कचेऱ्या यांत काळ्या सैनिकांना फारसं काही मिळालं नाही. बान्देरा गरिबीत राहिला आणि सरकारविरुद्धच्या १९०६ च्या उठावात मारला गेला. १९०८ मध्ये एवारिस्तो एस्तेनोस आणि युद्धात लढलेला पेद्रो इवोनेत यांनी 'स्वतंत्र कृष्णवर्णीय पक्ष' काढला. त्यांच्या मागण्या वाचा : आठ तासांचा दिवस, मोफत शिक्षण, मृत्युदंड बंद, जमीनवाटप, सरकारी नोकरीत भेदभाव नको. वेगळं राज्य कोणी मागितलं नव्हतं. १९१० मध्ये एका वंशाचा पक्ष बेकायदा ठरवणारी दुरुस्ती आली, आणि ती मांडणारा सिनेटर मार्तिन मोरुआ देल्गादो स्वतः काळा होता. युक्तिवाद मार्तीचा पहिला धागा : इथे वंश नाहीत, म्हणून वंशाच्या नावाने पक्ष काढणारेच वंशवादी. हुआन ग्वाल्बेर्तो गोमेसलाही वंशावर आधारलेला पक्ष मान्य नव्हता. म्हणून 'काळे विरुद्ध गोरे' एवढीच विभागणी इथे पुरत नाही.

बंदी उठवा म्हणून पक्षाने २० मे १९१२ ला, प्रजासत्ताकाच्या दहाव्या वाढदिवशी, सशस्त्र निदर्शन सुरू केलं. वर्तमानपत्रांनी लगेच 'वंशयुद्ध' ओरडायला सुरुवात केली. स्पेनचा जुना शब्द आता क्युबन तोंडी होता. पूर्वेच्या ओरिएन्ते प्रांतात सैन्य उतरलं, आणि ज्यांचा पक्षाशी काही संबंध नव्हता अशी माणसंही केवळ रंगामुळे मारली गेली. मृतांचे अंदाज २,००० पासून ६,००० पर्यंत जातात. एस्तेनोस आणि इवोनेत दोघेही मारले गेले. हुकूम देणारा राष्ट्राध्यक्ष होसे मिगेल गोमेस आणि मोहीम चालवणारा मोन्तेआगुदो, दोघेही त्याच मुक्तिसेनेचे सेनापती होते. १८९५ मध्ये यांना काळ्या सैनिकाशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. १९१२ मध्ये गरज उलटी होती : पूर्वेला शांतता आहे असं दाखवलं नाही, तर मालमत्तेच्या रक्षणासाठी अमेरिका पुन्हा उतरेल ही धास्ती होती. अमेरिकी नौसैनिक त्या उन्हाळ्यात पूर्वेकडे उतरलेही.

तुम्ही यावर लेख लिहिणार असाल तर 'विश्वासघात' हा शब्द जपून वापरा. तो खरा आहे, पण त्याने मिळवलेलं झाकलं जातं. १८७९ चा मळ्यावरचा संप, १८९३ चा 'दोन', १९०१ चं मत, हे काळ्या क्युबन लोकांनी एकेक करून घेतलं होतं आणि १९१२ नंतरही त्यांच्या हातातून मत गेलं नाही. प्रत्येक पक्षाला त्यांच्या दारात यावं लागत राहिलं. १९४० च्या राज्यघटनेच्या २० व्या कलमात लिंग, वंश, रंग किंवा वर्ग यावरून केलेला भेदभाव बेकायदा आणि शिक्षापात्र ठरवला गेला. तक्रार करायची कोणाकडे, या माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला निदान कागदावर तरी तेव्हा उत्तर मिळालं.